गडगा आहे, बेडं आहे. मग स्विमिंग पूलला वेगळं कुंपण कशाला?

तारकर्ली, देवबाग, आचरा किंवा भोगव्याच्या होमस्टेचं एखादं रील आठवून बघा. माडांची बाग, जांभ्या दगडाचं घर, समोर निळ्या टाइल्सचा छोटासा स्विमिंग पूल, ड्रोन वर जातो आणि मागे समुद्र दिसतो. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा पर्यटकाला हवी असायची घरगुती खोली आणि माशाचं जेवण. ऑक्टोबर २०२१ मध्ये चिपी विमानतळ सुरू झाला, व्हिला भाड्याने द्यायची पद्धत रुळली आणि 'पूल आहे का?' हा बुकिंगच्या फोनवरचा नेहमीचा प्रश्न झाला.

अशा बहुतेक व्हिडिओंत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे पूलभोवतीचं कुंपण. ते फ्रेममध्ये चांगलं दिसत नाही हे खरंच आहे. पण कुंपण नसण्याचं कारण एवढंच नाही. आपल्याकडे आवाराला कुंपण असलं की काम झालं असं समजलं जातं. चिऱ्यांचा गडगा घातला, गेट बसवलं, गुरं आत येत नाहीत, रस्त्यावरचा माणूस आत येत नाही, मग आणखी काय हवं?

या लेखात नेमकं तेच समजून घेऊ: घराच्या आवाराचं कुंपण आणि पूलचं कुंपण या दोन वेगळ्या गोष्टी का आहेत, भारतात याबद्दल नियम काय आहे, आणि मालवणच्या खाऱ्या हवेत टिकेल असं कुंपण कसं असतं.

धोका बाहेरून येत नाही

जुलै २०२२ मध्ये लोणावळ्यात भाड्याने घेतलेल्या एका बंगल्याच्या पूलमध्ये दोन वर्षांच्या मुलाचा बुडून मृत्यू झाला. मूल घरच्यांसोबत सुट्टीसाठी आलं होतं. बाहेरून चोरून आत शिरलेलं नव्हतं. घरगुती पूलमधल्या लहान मुलांच्या अपघातांचा हाच नेहमीचा प्रकार आहे: मूल आवाराच्या आतच असतं, बहुतेक वेळा घरात किंवा पडवीत असतं, आणि तिथून चालत पूलपर्यंत जातं. मोठ्यांना वाटत असतं की ते टीव्हीसमोर आहे किंवा झोपलंय.

गडगा या मुलाला अडवू शकत नाही, कारण मूल गडग्याच्या आत आहे. अडवायचं असेल तर अडथळा घर आणि पाणी यांच्या मध्ये हवा.

इंग्रजी बोलणाऱ्या देशांत या दोन प्रकारांची सरळ तुलना झालेली आहे. पहिल्या प्रकारात कुंपण पूलच्या तीन बाजूंना असतं आणि चौथी बाजू म्हणजे घराची भिंत. घराचं दार उघडलं की थेट पूल. दुसऱ्या प्रकारात कुंपण पूलच्या चारही बाजूंना असतं, आणि घरातून बाहेर आल्यावरही एक गेट ओलांडावं लागतं. संशोधक थॉम्पसन आणि रिव्हारा यांनी यावरचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या ग्रंथालयात हा आढावा १९९८ साली आला. कुंपण असलेल्या पूलमध्ये मूल बुडण्याची शक्यता कुंपण नसलेल्या पूलच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशाने कमी आढळली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चारही बाजूंचं कुंपण तीन बाजूंच्या कुंपणापेक्षा खूपच सरस ठरलं, धोका साधारण ८३ टक्क्यांनी कमी.

कोकणातल्या नव्या व्हिलांची रचना बघितली तर बहुतेक जागा पहिल्या प्रकारात मोडतात. हॉलची मोठी सरकती काच, तिच्या बाहेर दोन-तीन फुटांचा कट्टा आणि लगेच पाणी. आर्किटेक्टच्या आराखड्यात ही रचना सुरेख दिसते. रांगणाऱ्या मुलासाठी मात्र ती सर्वांत वाईट रचना आहे.

'ओरडलं असतं तर ऐकू आलं असतं'

हा गैरसमज जवळजवळ प्रत्येक घरात असतो. सिनेमात बुडणारा माणूस हात हलवतो, पाणी उडवतो, 'वाचवा' म्हणून ओरडतो. प्रत्यक्षात असं फार कमी वेळा होतं. अमेरिकेत जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया यांनी खऱ्या प्रसंगांचं चित्रीकरण करून याचा अभ्यास केला. त्यांच्या निरीक्षणानुसार बुडणाऱ्या माणसाचं तोंड पाण्याच्या वर इतका कमी वेळ असतं की श्वास घेण्यातच तो वेळ जातो. आवाज काढायला श्वास उरत नाही. हातही वर येत नाहीत, ते पाण्याला खाली दाबत राहतात. हे सगळं साधारण २० ते ६० सेकंदांत आटोपतं.

एक-दोन वर्षांच्या मुलाचं तर आणखी वेगळं असतं. त्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून पाण्यात बघताना ते डोक्यावर पडतं आणि पुन्हा उभं राहता येत नाही. पाणी फूटभरच असलं तरी पुरे. म्हणून 'आमचा पूल काय, चारच फूट खोल आहे' या वाक्याला काही अर्थ नाही. चार फूट म्हणजे तीन वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून पाणी.

मेंदूला प्राणवायू मिळाला नाही की चार ते सहा मिनिटांत कायमची हानी सुरू होऊ शकते. फोनवर एक बुकिंग घ्यायलाही बऱ्याचदा याहून जास्त वेळ लागतो. 'लक्ष ठेवा' हा सल्ला बरोबर आहे, पण माणसाचं लक्ष हटतं, आणि कुंपण त्या हटलेल्या मिनिटांसाठी असतं.

भारतात नियम काय आहे?

थोडक्यात उत्तर: घरगुती स्विमिंग पूलला कुंपण घाला, अमुक उंचीचं घाला, असं सांगणारा स्वतंत्र कायदा देशपातळीवर नाही.

हे उत्तर विचित्र वाटेल, कारण आपल्याकडे शेजारच्या बाबतींत नियम आहेत. गच्चीला आणि बाल्कनीला किती उंचीचा कठडा हवा ते बांधकाम नियमांत लिहिलेलं असतं, साधारण एक मीटर किंवा जास्त. उघड्या बोअरवेलमध्ये मुलं पडण्याच्या घटना वाढल्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली देशभरासाठी निर्देश दिले. खोदकामाच्या १५ दिवस आधी प्रशासनाला कळवायचं, जागेवर फलक लावायचा, काम चालू असताना काटेरी तारेचं कुंपण घालायचं, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधायचा. त्या ओट्याची मापंसुद्धा दिलेली आहेत. स्विमिंग पूलच्या पाण्याचा दर्जा कसा असावा यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ३३२८. म्हणजे पाण्यात क्लोरीन किती हवं यावर देशाचं एकमत आहे. त्या पाण्यापर्यंत लहान मूल पोहोचू नये म्हणून काय हवं, यावर ते झालेलं नाही.

भारतीय मानक ब्युरोची राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ सालची आहे. ती आदर्श नमुना म्हणून आहे. राज्याने किंवा स्थानिक संस्थेने आपल्या नियमांत घेतली तेवढीच बंधनकारक होते. महाराष्ट्रात २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. अशा नियमांचा मुख्य रोख बांधकाम किती, कुठे आणि हद्दीपासून किती अंतरावर, यावर असतो.

मालवणच्या किनाऱ्यावर आणखी एक नियम येतो, तो म्हणजे सीआरझेड. सागरी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत किनाऱ्यालगतच्या रिसॉर्टसाठी मार्गदर्शक सूचना आहेत आणि त्यात कुंपणाचा उल्लेखही आहे. खासगी जागेभोवती झाडांचं जिवंत कुंपण किंवा झाडोऱ्याने झाकलेलं तारेचं कुंपण चालेल, पण लोकांचा किनाऱ्यावर जायचा रस्ता त्यामुळे अडता कामा नये, असा त्याचा आशय. इथेही 'कुंपण' म्हणजे जागेच्या हद्दीचं कुंपण. पूलचा विषयच नाही. पण होमस्टे चालवणाऱ्याने एक लक्षात ठेवावं: भरतीरेषेपासून ठरलेल्या पट्ट्यात पूल खोदणं हेच मुळात परवानगीचं काम आहे. आधी पूल आणि मग कागदपत्रं असा क्रम ठेवला तर पुढे कुंपणाचा प्रश्नच उरणार नाही, पूलच अडचणीत येईल.

मग कायदा नाही म्हणजे जबाबदारीही नाही का? तसं नाही. निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला तर गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आधीच्या भारतीय दंड संहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. शिवाय पैसे घेऊन राहायला दिलं की पाहुणा ग्राहक ठरतो आणि ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो.

याचं ठळक उदाहरण केरळमधलं आहे. कोवळमच्या किनाऱ्यावर केरळ पर्यटन विकास महामंडळाचं एक हॉटेल आहे. २००६ साली तिथल्या पूलमध्ये एका पर्यटकाचा बुडून मृत्यू झाला. हॉटेलने जीवरक्षक नेमलेला होता. पण त्याच माणसाला बारमध्ये पेयं देण्याचंही काम दिलेलं होतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ६२ लाख ५० हजार रुपयांची भरपाई द्यायला सांगितलं आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ज्याच्यावर लोकांच्या जिवाची जबाबदारी आहे त्याला दुसऱ्या कामाला लावणं हीच हलगर्जी, असं त्या निकालाचं सार आहे. सिंधुदुर्गातल्या घरगुती होमस्टेत तर स्वयंपाक, खोल्यांची सफाई, बोटवाल्याशी बोलणं आणि पूलवर लक्ष, हे सगळं एकच कुटुंब करत असतं. म्हणजे पूलवर लक्ष ठेवायला वेगळा माणूस नसतोच.

चांगलं कुंपण कसं ओळखायचं?

आपल्याकडे मापं ठरलेली नाहीत, मग दुसऱ्यांची घ्यायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियात घरोघरी पूल आहेत आणि तिथल्या राज्यांनी कित्येक वर्षं यावर नियम केले, बदलले, पुन्हा कडक केले. न्यू साउथ वेल्स राज्यात स्विमिंग पूलसाठी १९९२ पासून वेगळा कायदा आहे. तिथे ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त खोल पाणी मावू शकेल असा प्रत्येक घरगुती पूल नियमाखाली येतो. त्यांच्या मानकातली मुख्य मापं अशी.

कुंपणाची उंची किमान १.२ मीटर, म्हणजे साधारण चार फूट. दोन उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे चार बोटं आणि थोडं वर. कुंपणाच्या खालची फटही तेवढीच. गेट आपोआप बंद झालं पाहिजे आणि बंद होताच आपोआप कडी लागली पाहिजे. ते पूलच्या विरुद्ध दिशेला उघडलं पाहिजे, म्हणजे मुलाने ढकललं तरी उघडणार नाही. कडी जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, लहान हात पोहोचणार नाही अशी.

या यादीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते शेवटच्या मापाकडे: कुंपणाच्या बाहेर ९० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे तीन फुटांत, चढायला आधार मिळेल असं काहीही नको. प्लास्टिकची खुर्ची नको, कुंडी नको, गॅस सिलिंडर नको, नारळांचा ढीग नको.

हे माप हातात घेऊन कोकणातल्या पारंपरिक कुंपणांकडे बघितलं तर गंमत होते. बेडं घ्या. दोन खांबांना भोकं पाडून त्यात आडवे वासे किंवा बांबू सरकवलेले. गुरांना अडवायला याहून सोपी युक्ती नाही, आणि म्हणूनच ती इतकी वर्षं टिकली. पण तीन वर्षांच्या मुलासाठी आडवे बांबू म्हणजे तयार शिडी. हल्ली पूलशेजारी गावाकडचा साज म्हणून मुद्दाम बेड्यासारखं गेट लावतात. ते शोभेसाठी ठीक, अडथळा म्हणून त्याची किंमत शून्य.

चिऱ्यांचा गडगा बहुधा कंबरेएवढा असतो, आणि न गिलावलेल्या जांभ्याच्या सांध्यांत पाय सहज रुततो. उंच बांधून आतून-बाहेरून गिलावा केला तर भिंत चालते, मात्र भिंतीपलीकडचं पूल घरातून दिसत नाही, आणि न दिसणारा पूल हा वेगळा धोका आहे. काट्यांची वई किंवा मेंदीचं कुंपण पावसाळ्यात दाट वाटतं, मेपर्यंत त्यात मूल शिरेल एवढ्या फटी पडतात. आणि मासेमारीचं जुनं जाळं खांबांना बांधून केलेली सजावट मालवणात शोभते खरी, पण ती सैल असते आणि तिच्या घरांत पायाची बोटं अडकवून चढता येतं.

त्यापेक्षा उभे गज बरे. आडवी पट्टी फक्त वर आणि खाली, मध्ये एकही नाही. दोन आडव्या पट्ट्यांमध्ये किमान ९० सेंटिमीटर अंतर. कडक केलेल्या काचेचं कुंपणही चालतं, महाग पडतं, पण रीलमध्ये पूल दिसतो. 'कुंपणाने शोभा जाते' म्हणणाऱ्यांसाठी हा पर्याय आहे.

लागतं किती, याचा साधा हिशेब करता येतो. २० बाय १० फुटांचा पूल, भोवती सगळीकडे चार फुटांचा कट्टा. कुंपणाची चौकट होते २८ बाय १८ फूट, म्हणजे एकूण ९२ फूट लांबीचं कुंपण आणि एक गेट. नवीन पूल बांधताना टाइल्स, फिल्टर आणि दिव्यांच्या अंदाजपत्रकात हे ९२ फूट पहिल्यापासून धरले तर मोठी गोष्ट नाही. नंतर कट्टा फोडून खांब बसवताना ते जड वाटतं.

खारी हवा आणि पाऊस

मालवणात लोखंडाचं काय होतं हे कुणाला सांगायला नको. साध्या लोखंडी गेटला दोन पावसाळ्यांत गंज चढतो. पूलच्या गेटमध्ये सगळ्यात आधी जातं ते आपोआप बंद करणारं स्प्रिंगचं बिजागर. गेट अर्धवट उघडं राहायला लागतं, मग कुणीतरी सोयीसाठी ते दगड लावून उघडंच ठेवतं. त्या दिवसापासून कुंपण असून नसल्यासारखं. म्हणून किनाऱ्यालगत ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील किंवा पावडर कोटिंग केलेलं ॲल्युमिनियम वापरावं. स्वस्त पडणाऱ्या ३०४ दर्जाच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तपकिरी डाग धरतात. बिजागर आणि कडी महिन्यातून एकदा तपासावी: गेट हातभर उघडून सोडायचं, आपोआप बंद होऊन कडी लागली तर ठीक.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा आहे. मे अखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत किनाऱ्यावरच्या जलक्रीडा बंद असतात, समुद्रात उतरायला मनाई असते. पण पर्यटक येतात, वर्षा सहलीसाठी खास येतात, आणि पाण्याची हौस पूलवर भागवतात. जिथे हंगाम बंद असतो तिथे पूल वापरात नसतो, पाणी हिरवं होतं, तळ दिसत नाही. अशा पूलमध्ये कुणी पडलं तर वरून कळतही नाही.

काही जण निळी ताडपत्री टाकून पूल झाकतात. पानं पडू नयेत म्हणून ठीक आहे. सुरक्षेसाठी ती उलट धोक्याची. तिच्यावर पावसाचं पाणी साचतं, त्या साचलेल्या पाण्यातही मूल बुडू शकतं, आणि ताडपत्री खचली तर मूल तिच्याखाली गुरफटतं. माणसाचं वजन पेलणारी खास सुरक्षा झाकणं असतात, ती वेगळी.

फ्रान्सने भाड्याच्या घरांपासून सुरुवात केली

सिंधुदुर्गासाठी ऑस्ट्रेलियापेक्षाही फ्रान्सचं उदाहरण जवळचं आहे. तिथे ३ जानेवारी २००३ रोजी घरगुती पूलच्या सुरक्षेचा कायदा झाला. जमिनीत खोदलेल्या पूलला चारपैकी एक साधन बंधनकारक: कुंपण, अलार्म, सुरक्षा झाकण किंवा पूर्ण आच्छादन. १ जानेवारी २००४ पासून बांधलेल्या नव्या पूलना ते पहिल्यापासून लागू झालं. जुन्या पूलना मात्र टप्प्याटप्प्याने मुदत मिळाली, आणि त्यात सुट्टीसाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचा नंबर आधी लागला: १ मे २००४. स्वतःच्या वापराच्या जुन्या घरांना २००६ पर्यंत सवलत होती. नियम मोडला तर दंड ४५ हजार युरोपर्यंत.

भाड्याच्या घरांची मुदत आधी का, हे समजायला सोपं आहे. घरच्या मुलाला पूल कुठे आहे ते माहीत असतं, घरच्या मोठ्यांनाही दार लावायची सवय असते. पाहुण्याचं मूल नव्या जागेत असतं. पालकांना अजून कुठलं दार कुठे उघडतं हेही ठाऊक नसतं. त्यात प्रवासाचा शीण आणि बॅगा उतरवायची गडबड.

न्यूझीलंडने दुसरी एक गोष्ट केली. तिथे घरगुती पूलच्या कुंपणाची दर तीन वर्षांनी तपासणी होते. कुंपण एकदा घातलं आणि विसरलं, असं तिथे चालत नाही.

कुंपणाने न सुटणारे प्रश्न

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंगळूरजवळच्या उल्लाळ-सोमेश्वर किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये मैसूरच्या तीन तरुणी पूलमध्ये बुडाल्या. जागेवर जीवरक्षक नव्हता. पोलिसांनी रिसॉर्टचे मालक आणि व्यवस्थापक यांना अटक केली. इथे कुंपण असतं तरी उपयोग नव्हता, कारण त्या पोहायला म्हणूनच पाण्यात उतरल्या होत्या. मोठ्या माणसांसाठी गरज वेगळी आहे: खोली कुठे किती आहे ते काठावर ठळक लिहिलेलं असणं, उथळ भाग संपून उतार सुरू होतो तिथे दोरी, हाताशी लांब बांबू किंवा गळ आणि दोरी बांधलेली रिंग. बांबू कोकणात कुठेही मिळतो. बुडणाऱ्याला वाचवायला पोहता न येणाऱ्याने उडी मारण्यापेक्षा काठावरून बांबू पुढे करणं कितीतरी सुरक्षित.

तळातल्या पाणी ओढणाऱ्या जाळीचा धोका तर कुंपणाने अजिबात टळत नाही. अमेरिकेत २००२ साली सात वर्षांची एक मुलगी गरम पाण्याच्या टबमध्ये अशा जाळीच्या ओढीला चिकटून बुडाली. ती माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची नात होती. तिच्या नावाने २००७ साली कायदा झाला आणि तिथल्या सार्वजनिक पूलमध्ये अडकवून न धरणारी झाकणं सक्तीची झाली. आपल्याकडे पूलची जाळी तुटलेली असेल तर पंप बंद करून पूल रिकामा ठेवावा, दुरुस्तीपर्यंत कुणालाही उतरू देऊ नये.

ऑनलाइन मागवलेला फुगवायचा पूल हाही पूलच. बाजूची शिडी काढून ठेवायची आणि वापर झाला की पाणी सोडून द्यायचं. माडांना तेवढंच पाणी मिळतं.

बुकिंगआधी काय विचाराल?

लहान मुलं सोबत असतील तर 'पूल आहे का?' यानंतर आणखी दोन-तीन प्रश्न विचारा. पूलला वेगळं गेट आहे का? ते आपोआप बंद होतं का? खोलीचं दार थेट पूलकडे उघडतं का? उत्तर म्हणून फोटो मागवा, आणि फोटो ड्रोनचा नको, जमिनीवरून काढलेला हवा.

एअरबीएनबीसारख्या साइटवर प्रत्येक जागेच्या पानावर सुरक्षेचा वेगळा भाग असतो. तिथे 'गेट किंवा कुलूप नसलेला पूल' अशी नोंद यजमान करू शकतो. ती नोंद खाली दडलेली असते, फोटोंच्या गर्दीत कुणी तिथपर्यंत जात नाही. एकदा बघून घ्या.

कुंपण नसलेल्या ठिकाणी पोहोचलाच असाल तर पूलकडे उघडणाऱ्या दाराची वरची कडी लावून ठेवा, आणि मोठ्यांमध्ये पाळी ठरवा: या अर्ध्या तासात पूलवर लक्ष कुणाचं, ते नाव घेऊन. 'सगळे बघताहेत' म्हटलं की कुणीच बघत नसतं. हातातला फोन खाली ठेवायचा हेही त्यात आलं. मूल दिसेनासं झालं तर पहिल्यांदा पूल बघा, खोल्या नंतर.

कुणी बुडालंच तर

व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं एक मेसेज फिरतोय: बुडालेल्या माणसाला मिठात ठेवा, मीठ पाणी शोषून घेतं आणि माणूस उठून बसतो. हे पूर्णपणे खोटं आहे. अशा मेसेजवर विसंबून घरच्यांनी मृतदेह तासनतास मिठात ठेवल्याचे प्रकार देशात घडले आहेत. मुलाला पायांनी उलटं धरून गरगर फिरवणं आणि पोट दाबून पाणी काढणं, यांनीही वेळ वाया जातो. पोट दाबल्याने पोटातलं पाणी आणि अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं.

करायचं ते असं. पाण्याबाहेर काढा, पाठीवर सपाट झोपवा, एकाने १०८ ला फोन करा. श्वास चालू आहे का बघा. चालू नसेल तर डोकं किंचित मागे करून हनुवटी उचला आणि तोंडाने श्वास द्या. बुडण्याच्या प्रकारात सुरुवात श्वासापासून करतात, कारण शरीराला कमतरता प्राणवायूची झालेली असते. सुरुवातीला दोन ते पाच श्वास. मग छातीच्या मध्यभागी ३० दाब आणि दोन श्वास, पुन्हा ३० आणि दोन, मदत येईपर्यंत न थांबता. लहान मुलाची छाती तिच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश दबली पाहिजे. मूल शुद्धीवर आलं तरी खोकला किंवा धाप असेल तर दवाखान्यात न्यायचंच.

न्यू साउथ वेल्समध्ये हीच कृती लिहिलेला फलक प्रत्येक घरगुती पूलशेजारी लावणं बंधनकारक आहे. देवबागच्या टोकावरून मालवणच्या ग्रामीण रुग्णालयापर्यंतचा अरुंद रस्ता आणि हंगामातली गाड्यांची रांग लक्षात घेतली तर असा मराठीतला फलक, खाली १०८ हा नंबर आणि होमस्टेचा पूर्ण पत्ता, तारकर्ली-देवबागच्या प्रत्येक पूलशेजारी हवा. पत्ता यासाठी की फोन करणारा पाहुणा असतो, आणि आपण नेमके कुठल्या वाडीत आहोत हे त्याला सांगता येत नाही.